आपले प्रश्न : रक्तदाब, विसर आणि वय

गेल्या अंकात या सदरात रक्तदाब आणि हृदय यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत हृदयाचा उल्लेख क्वचितच होता. बहुतेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विसराविषयी, मंदावलेल्या हालचालींविषयी आणि बदललेल्या स्वभावाविषयी विचारले होते. वाचकांनी हा संबंध आपणहून जोडला याचे समाधान वाटले, कारण दवाखान्यात तो फारसा जोडला जात नाही. रक्तदाबासाठी माणूस डॉक्टरकडे जातो, विसरासाठी मात्र कोणीच कोणाकडे जात नाही. पाच पत्रे निवडली असून त्यांतील काही थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत. सहकारी बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले. गेल्या दोन वर्षांत त्यांचे प्रत्येक काम फार संथ झाले आहे. पन्नास वर्षे घरची पूजा तेच करतात, पण आता समईत तेल घालण्याआधीच काडी ओढतात आणि पुढे काय करायचे ते न सुचून काडी विझेपर्यंत हातात धरून बसतात. नातवंडांचे वाढदिवस, गावातली नातीगोती, जुने व्यवहार मात्र सगळे तोंडपाठ आहे. रक्तदाब बारा वर्षांपासून आहे. गोळी ‘डोके जड वाटले की’ घेतात. घरातले म्हणतात की वय झाले. मला ते पटत नाही. हा अल्झायमर असेल का? (एक सून, कराड)

उत्तर : तुम्ही लिहिलेली काडीची गोष्ट कोणत्याही तपासणीइतकी बोलकी आहे. अल्झायमरची सुरुवात सहसा ताज्या स्मृतीपासून होते. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, तोच प्रश्न पाच मिनिटांत तीनदा विचारला जातो. तुमच्या सासऱ्यांची आठवण बऱ्यापैकी शाबूत दिसते, बिघडला आहे तो कामाचा क्रम आणि वेग. आधी तेल, मग वात, मग काडी ही साखळी मेंदूचा पुढचा भाग जुळवतो आणि त्यासाठी तो मेंदूच्या खोल भागातून जाणाऱ्या लांबलचक तंतूंवर अवलंबून असतो. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब पहिला घाव घालतो तो याच तंतूंच्या प्रदेशावर. पत्रावरून निदान करता येत नाही, आणि उतारवयात अल्झायमर व रक्तदाबाने होणारी ही झीज पुष्कळदा एकत्रही असतात. तरीही हे नुसते वय नव्हे ही तुमची शंका योग्य दिशेची आहे असे माझे मत आहे.

हे घडते कसे, ते थोडे सविस्तर सांगतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. शरीरात इतरत्र मोठ्या रोहिणीला, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला, फांद्या फुटतात, त्यांना उपफांद्या फुटतात आणि प्रत्येक टप्प्यावर दाब थोडाथोडा उतरत जातो. मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या केसासारख्या बारीक रोहिण्या मात्र तळाशी असलेल्या मोठ्या रोहिणीतून थेट, जवळजवळ काटकोनात निघतात. गावच्या मुख्य जलवाहिनीला मधे टाकी न ठेवता घराची बारीक नळी परस्पर जोडली, तर नळीचे जे होईल तेच इथे होते. दाब सोसण्यासाठी या रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, आतला मार्ग अरुंद होतो, आणि ज्या तंतूंना त्या रक्त पोचवतात ते आधी अर्धपोटी राहतात व मग झिजतात. एखादी बारीक रोहिणी पूर्ण बंद झाली की तेवढ्या जागी मसुराच्या दाण्याएवढा खड्डा पडतो. हात-पाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडे होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. असे अनेक खड्डे आणि त्यांच्या भोवतीची झीज मिळून जे चित्र तयार होते, त्याला घरात ‘वय झाले’ म्हणतात.

आता तपासणीविषयी. विसर किंवा मंदपणा दिसला की रक्तदाबावर खापर फोडून मोकळे होऊ नये, कारण दुरुस्त करता येणारी काही कारणे शेजारीच बसलेली असतात. रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, सोडियम आणि मूत्रपिंडाचे काम तपासून घ्या. ऐकू कमी येते का, मोतीबिंदू वाढला आहे का, ते उदास असतात का, झोपेची गोळी चालू आहे का, हेही पाहा. गेल्या काही महिन्यांत न्हाणीघरात पाय घसरून डोके आपटले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कवटीच्या आत हळूहळू साकळणारे रक्त अगदी असाच संथपणा आणते आणि शस्त्रक्रियेने तो बरा होऊ शकतो. मेंदूचा एमआरआय करावा, आणि स्मृती, लक्ष व क्रम यांची कागद-पेन्सिलीने घेतली जाणारी साधी चाचणीही मेंदूविकारतज्ज्ञाकडून करून घ्यावी.

राहिली ती ‘डोके जड वाटले की’ घेतली जाणारी गोळी. डोके जड होणे आणि रक्तदाब वाढणे यांचा संबंध लोक समजतात तितका नसतो. वरचा आकडा १७० असताना माणूस मजेत पत्ते खेळत बसलेला मी पाहिला आहे. अधूनमधून गोळी घेतल्याने दाब कधी १७० तर कधी १३० असा हेलकावत राहतो, आणि असे हेलकावे खाणाऱ्यांची बुद्धी अधिक घसरते असे दीर्घकाळच्या निरीक्षणांत दिसले आहे. शिवाय ज्यांची क्रम लावण्याची शक्तीच कमी झाली आहे, त्यांनी स्वतःहून रोज ठरल्या वेळी गोळी घ्यावी ही अपेक्षा चुकीची आहे. आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी आणा, ती तुमच्याजवळ ठेवा आणि गोळी हातावर द्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवलेल्या माणसाला हे लागेल, म्हणून डबी रविवारी त्यांच्याकडूनच भरून घ्या आणि नंतर गुपचूप तपासा.

गेलेले सगळे परत येईल असे मी म्हणणार नाही. पुढची घसरण मात्र मंदावू शकते, आणि याला चांगला आधार आहे. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘स्प्रिंट’ नावाच्या चाचणीत पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा आकडा १२० च्या आत, तर दुसऱ्याचा १४० च्या आत ठेवायचा होता. २०१९ मध्ये तिचे मेंदूविषयीचे निष्कर्ष आले. १२० च्या गटात २८७ जणांना सौम्य बौद्धिक ऱ्हास झाला, १४० च्या गटात ३५३ जणांना. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाचे आकडे १४९ आणि १७६ होते, पण हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येण्याइतका मोठा नव्हता. चाचणी हृदयाला झालेल्या लाभामुळे मुदतीआधीच थांबवली गेली आणि स्मृतिभ्रंश तर सावकाश येतो, त्यामुळे पुरेसा काळ मिळाला नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत १२० चा आग्रह धरण्याची घाई नको. आज जो दाब बेभरवशाचा आहे तो आधी १३०-१४० च्या घरात स्थिर होऊ द्या.

प्रश्न : मी ६६ वर्षांची आहे. सतत डोके दुखते म्हणून एमआरआय केला. डोकेदुखीचे काही निघाले नाही, पण ‘मेंदूत पांढरे डाग’ असा शेरा आला. तेव्हापासून झोप उडाली आहे. मी पुढे सगळे विसरणार का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, त्या शेऱ्याचा असा अर्थ होत नाही. साठीनंतर केलेल्या बहुतेक एमआरआयमध्ये थोडेफार डाग दिसतातच. वर कराडच्या वाचक सुनेला दिलेल्या उत्तरात ज्या अर्धपोटी तंतूंविषयी लिहिले तेच हे डाग. महत्त्व त्यांच्या पसाऱ्याला आहे. टिपक्यांसारखे सुटे डाग असतील तर रक्तदाब आणि साखर नीट ठेवण्याची ती वेळीच मिळालेली सूचना समजा. ते एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले असतील तर चालण्याची आणि बुद्धीची तपासणी करून घ्यावी. वर सांगितलेल्या चाचणीत काही जणांचे एमआरआय सुमारे चार वर्षांच्या अंतराने दोनदा काढले होते, तेव्हा डागांचे आकारमान १२० च्या गटात सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने आणि १४० च्या गटात १.४५ घन सेंटिमीटरने वाढलेले आढळले. दाब आवरला की डाग सावकाश वाढतात, एवढे त्यावरून म्हणता येते. ते पुसून टाकणारी गोळी नाही आणि तशी म्हणून विकली जाणारी ‘मेंदूची टॉनिके’ घेऊ नका. दरवर्षी पुन्हा एमआरआय काढण्याचीही गरज नाही. तो खर्च चांगल्या रक्तदाबमापकावर करा.

प्रश्न : माझे वय ४६. कार्यालयाच्या तपासणीत रक्तदाब १५०/९६ निघाला, महिन्याने पुन्हा तेवढाच. मला काहीही त्रास नाही. आईला स्मृतिभ्रंश आहे आणि तिलाही चाळिशीपासून रक्तदाब होता, म्हणून काळजी वाटते. पण एकदा गोळी सुरू केली की सुटत नाही असे सगळे सांगतात. थोडी वर्षे थांबू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आलेल्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे. सत्तरीतील मेंदूचे बरेचसे भवितव्य चाळिशी-पन्नाशीतील रक्तदाबाशी बांधलेले असते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून लोकांचा रक्तदाब नोंदवला जात आहे. तिथे, आणि नंतर इतर ठिकाणीही, असे दिसले की मध्यमवयात ज्यांचा दाब वाढलेला आणि उपचाराविना होता, त्यांची बुद्धी पुढे अधिक घसरली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सगळी दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज आहे, आणि मध्यमवयातील रक्तदाब हे त्यांतील एक कारण आहे. चाळिशीपासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवावा असे हे मंडळ सांगते.

‘सुटत नाही’ या शब्दात एक गैरसमज आहे. रक्तदाबाच्या गोळीची सवय लागत नाही. गोळी थांबवली की दाब पुन्हा वर जातो, कारण दाब वाढवणारी कारणे तशीच असतात. वजन उतरले, मीठ कमी झाले, घोरण्याचा आजार असल्यास त्यावर उपचार झाले, तर माझ्याच काही रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या आणि थोड्यांच्या सुटल्याही. आपल्या मागच्या पिढ्यांना हा पर्यायच नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा दाब ३००/१९० नोंदवला होता. इतकी वर्षे चढत गेलेल्या त्या दाबावर डॉक्टरांजवळ कमी मिठाचा आहार, विश्रांती आणि गुंगीचे औषध यांपलीकडे फारसे काही नव्हते. आज आपल्या सरकारी आरोग्य केंद्रातही गोळी मिळते आणि आपण ती घ्यावी की नाही यावर वर्षानुवर्षे चर्चा करतो.

तरीही सुरू करण्यापूर्वी आठवडाभर घरी मोजा. दंडाला बांधायच्या पट्ट्याचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, दंड उघडा करून हृदयाच्या पातळीला टेबलावर टेकवा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. प्रत्यक्षात काय होते? माणूस पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसतो, पट्टा सदऱ्याच्या बाहीवर बांधलेला असतो आणि तेवढ्यात दूधवाल्याचा हिशेबही चालू असतो. असा मोजलेला दाब सहज १०-१५ ने वाढून येतो. नीट मोजूनही घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे राहिली तर रक्तदाब आहे हे नक्की समजा आणि उपचार पुढे ढकलू नका.

मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढे सांगितले आहे. ते आमटीत कमी घालून ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे, पापड, ठेचा आणि सुक्या मासळीची चटणी वाढली तर हिशेब तिथेच चुकतो. आम्लपित्तासाठी पाण्यात टाकून प्यायच्या फसफसणाऱ्या पुडीतही मिठातलेच सोडियम असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खोकल्यासाठी रोज चघळले जाणारे जेष्ठमध, गुडघ्यांसाठी परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्या दाब वाढवतात. दातांना लावलेली मिश्रीदेखील तंबाखूच आहे. कमी सोडियमचे मीठ उपयोगी असते, परंतु त्यात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

उपचाराने स्मृतिभ्रंश खरोखर टळतो का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. २०२५ मध्ये चीनच्या ग्रामीण भागातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ३२६ गावे आणि चाळिशीपुढचे सुमारे ३४,००० रक्तदाबाचे रुग्ण त्यात होते. निम्म्या गावांत गावातल्याच वैद्यकीय सेवकांनी औषधे नियमित दिली, दाब १३०/८० च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवले आणि घरी मोजण्याची यंत्रे दिली. चार वर्षांत त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला. हे कोणत्याही मोठ्या रुग्णालयाविना झाले, याचे मला विशेष वाटते.

प्रश्न : आई ८४ वर्षांची आहे. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू आहेत आणि बसून मोजले की ११५-१२० येतो, म्हणून आम्ही खूश होतो. पण तीन महिन्यांत ती दोनदा पडली, दोन्ही वेळा पहाटे उठताना. बोलण्यात गोंधळही वाढला आहे. मेंदूसाठी दाब आणखी उतरवायला हवा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आणखी उतरवण्याचा विचारही करू नका, तुमच्या आईच्या बाबतीत उलट शंका घ्यायला हवी. तरुण रोहिण्या दाब कमी-जास्त झाला तरी आकुंचन-प्रसरण करून मेंदूचा रक्तपुरवठा सारखा ठेवतात. अनेक वर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या जाड रोहिण्यांना ते तितके जमत नाही आणि दाब एकदम उतरला की मेंदूला रक्त कमी पडते. म्हणून अशा वयात बसून मोजणे पुरेसे नाही. आईला पाच मिनिटे आडवे ठेवून मोजा, मग कोणीतरी धरून उभे करा आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचे कारण बहुधा सापडले.

दुसरी शंका सोडियमची. रक्तदाबाच्या अनेक मिश्र गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते आणि म्हातारपणी, त्यातही कमी मीठ व कमी जेवण असेल तर, त्याने रक्तातील सोडियम धोकादायक इतके घसरते. सुस्ती, असंबद्ध बोलणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे असून स्मृतिभ्रंश म्हणून ती खपून जातात. रक्ताची साधी तपासणी आजच करून घ्या. गोंधळ एक-दोन दिवसांतच एकदम वाढला असेल तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. त्यामागे सोडियम, लघवीचा संसर्ग किंवा डोक्याला लागलेला मार असू शकतो, आणि तेव्हा रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे किंवा वाचा जाणे असे काही दिसले तर १०८ ला फोन करा आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा; गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते.

याचा अर्थ ऐंशीनंतर रक्तदाबावर उपचारच नकोत असा मात्र काढू नका. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीत ऐंशीपुढच्या ३,८४५ रुग्णांमध्ये उपचारांनी मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे ध्येय १५०/८० चे होते आणि रुग्ण त्या वयाच्या मानाने बरे धडधाकट होते. स्मृतिभ्रंशातील घट तिथे सिद्ध झाली नाही. ‘स्प्रिंट’मध्येही उभे राहिल्यावर ११० च्या खाली दाब जाणाऱ्यांना घेतलेच नव्हते, म्हणून तिथला १२० चा आकडा तुमच्या आईला लावणे बरोबर नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही औषधे एकदम तोडल्यास दाब उसळतो. आडवा आणि उभा, असे दोन्ही आकडे आठवडाभर लिहा आणि आई घेते ती सगळी औषधे एका पिशवीत घालून फिजिशियनकडे न्या. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली आणि झोपेची गोळी धरून. त्यांतून एकेक कमी करता येईल. तोवर पहाटे उठताना आधी पलंगावर दोन मिनिटे बसवा आणि वाटेतला दिवा रात्रभर चालू ठेवा.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर मेंदूचे अधिक रक्षण होते असे वाचले. वडील सकाळी घेतात. बदलावी का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : केवळ त्यासाठी बदलू नका. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांची सकाळ आणि संध्याकाळ अशी विभागणी करून पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले गेले; २०२२ मधील त्या निष्कर्षांत हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांत फरक आढळला नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळीच बरी, म्हणजे रात्री अंधारात उठावे लागत नाही. बाकी वेळ घरच्या सोयीने ठरवा. वडिलांना विसर पडत असेल तर त्यांच्या हातावर गोळी ठेवून वर पाणी देणारे माणूस ज्या वेळी घरात असते, ती वेळ निवडा.